पहिल्या चारात यायचं नाही

॥ श्री ॥

दिग्रस, सोमवार सकाळ

तीर्थरूप कुंदाताईस,

धाकट्या सदाशिवाचा साष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग तेवढा कागदावरचाच समज. काल सहा सामने खेळल्यामुळे आठांपैकी पाच अंगं वाकायला तयार नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची सकाळची फेरी चालू आहे ना, की थंडीचं निमित्त करून पेपर उघडून बसतात? इकडे सौ. ठीक आहे. तू म्हणशील, यवतमाळ काही विलायतेत नाही, फोन करायचा सोडून हा पत्र कशाला लिहीत बसला. ताई, मोबाईलवर हल्ली आवाज फार बारीक येतो. मी दोनदा दुकानात जाऊन तक्रार केली. दुकानदाराने माझा फोन स्वतःच्या कानाला लावला, दचकून लांब धरला, आणि दोष नाही म्हणून परत दिला. मागच्या आठवड्यात तू अर्धा तास बोललीस आणि मी हो हो म्हणत राहिलो. कशाकशाला हो म्हटलं ते सौ.ने तुला उलट फोन करून विचारलं तेव्हा मला समजलं. (तुमच्या सत्यनारायणाला आम्ही दोन दिवस आधीच यायचं कबूल केलं आहे म्हणे. येऊ.) म्हणून पत्र. पत्रात माणूस पुटपुटत नाही. हल्ली सगळेच पुटपुटतात, हा वेगळा विषय आहे.

आधी कामाचं. आपल्या रामरावचा डावा डोळा अधू झाला आहे. तोच रामराव, जो चार किलोमीटर पायी शाळेत यायचा आणि तुझ्या हातची भाकर खाऊन मगच माझ्याबरोबर पुढे निघायचा. सातवीत तीन पायांच्या शर्यतीत आमचा पहिला नंबर आला होता, तुला आठवत असेल. दोरी तूच बांधली होतीस, आणि इतकी घट्ट की सुटता सुटेना. तेव्हापासूनची ही जोडी. दिवाळीत आमच्याकडे चहा प्यायला, कप डाव्या हाताने टेबलावर ठेवला आणि टेबल तिथे नव्हतंच. मग शेतात कडुलिंबाच्या फांदीला धडकला. मग मोटरसायकल पुलाच्या कठड्याला घासली, आणि वर मलाच सांगतो, "कठडाच मंधात आला." मोतीबिंदू असणार, आज ना उद्या सगळ्यांनाच होतो, काढला की संपलं. पण डॉक्टरचं नाव काढलं की हा माणूस तुरीकडे बघत बसतो. "मले सगळं दिसते. तुलेच जास्त दिसून राह्यलं." इंदूवहिनी (त्याची बायको) बोलून बोलून थकल्या. मी मात्र थकणाऱ्यातला नाही. एस.टी.त एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरला गाडीवर चढवणं हेच माझं काम होतं.

आता मधे थोडं काचघराबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या जुन्या जिनिंगच्या आवारात आपण सरकीच्या ढिगावरून घसरायचो आणि मार खायचो, तिथे साकेतने काचेच्या भिंतींची दोन कोर्टं बांधली आहेत. (साकेत म्हणजे जिनिंगवाल्यांचा नातू. पुण्याला मोठी नोकरी होती, ती सोडून आला. घरचे अजून कारण विचारत आहेत.) खेळाचं नाव पॅडल. दोघं इकडे, दोघं तिकडे, मधे नेट. चेंडू एक टप्पा घेऊन मागच्या काचेवर आपटला तरी तो जिवंतच धरायचा आणि परत मारायचा. बॅटला तारा नसतात, बुंदीच्या झाऱ्यासारखी भोकं असतात. सौ.ने पहिल्या दिवशी ती हातात घेतली आणि दांडा आखूड आहे असं मत दिलं. बाजाराच्या दिवशी लोक पिशव्या खाली ठेवून बाहेरून काचेला नाक लावतात, आणि आतला चुकला की प्रत्येकजण त्याला समजावून सांगतो. मी आणि रामराव दिवाळीपासून रोज सकाळी खेळतो. त्रेसष्टाव्या वर्षी नवा खेळ शिकण्यात एक सोय असते, आपल्याला पूर्वी चांगलं येत होतं असं कोणी म्हणू शकत नाही.

तर साकेतने स्पर्धा काढली आणि वेळापत्रकाचा माणूस म्हणून ती चालवायला मला दिली. स्पर्धेची तऱ्हा अशी. जोडी एकदा ठरली की ठरली. रुसवा, आजारपण, काही झालं तरी जोडीदार बदलायचा नाही. आठ जोड्या, सहा फेऱ्या. सामना चोवीस पॉइंटचा, म्हणजे दोघांचे मिळून चोवीस झाले की खेळ थांबवायचा. हरलात तरी जेवढे मिळवलेत तेवढे तुमचेच. पहिल्या फेरीला चिठ्ठ्या. त्यापुढे प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांचे गुण फळ्यावर मांडायचे आणि मग पहिल्याची गाठ दुसऱ्याशी, तिसऱ्याची चौथ्याशी, पाचव्याची सहाव्याशी, सातव्याची आठव्याशी. थोडक्यात, जो जसा खेळेल त्याला तसाच भेटेल. साकेत म्हणाला, हे सगळं मोबाईल आपोआप करतो. मी म्हटलं, करू दे बापडा, पण फळा मीच लिहिणार. डेपोतून बाद झालेला फळा आणला, नियम लिहून टांगले. त्यातला सातवा नियम मी जाड अक्षरात लिहिला, "प्रत्येकाने जीव तोडून खेळावे. मुद्दाम हरताना आढळल्यास जोडी बाद." हा नियम लक्षात ठेव, पुढे लागेल.

नियम टांगले त्याच संध्याकाळी रामराव फळ्यासमोर उभा राहिला, मान उजवीकडून वळवून (हल्ली तो असाच वाचतो) सगळं वाचलं, आणि म्हणाला, "सद्या, पैज लाव. आपण पहिल्या चारात आलो त डोयाचं नाव काढाचं नाही. कधीच नाही. नाही आलो त तू म्हणशीन त्या डाक्टरकडे येतो." मी तिथल्या तिथे हातावर टाळी दिली. (त्याने बदल्यात माझ्यावरही एक अट घातली होती, ती फालतू आहे, लिहिण्यात अर्थ नाही.) घरी येईपर्यंत मला उमगलं की मी काय करून बसलो. त्याचा डोळा वाचवायचा तर मला हरायला हवं होतं. आणि जोडी फिक्स, म्हणजे तो जिंकणार तर मी त्याच्याबरोबर जिंकणार. ताई, मी रात्रीचं जेवण झाल्यावर देवापुढे उभा राहिलो आणि निर्धार केला. सातवा नियम मी लिहिला होता, मीच मोडणार होतो, आणि तोही जीव तोडून मोडणार होतो.

आता तू म्हणशील, हरणं त्यात काय अवघड? मलाही तसंच वाटलं होतं. काल सकाळी आठ वाजता मी माइक हातात घेतला आणि एकतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर आली. पहिल्या सामन्याच्या जोड्या फलाट क्रमांक एकवर लागलेल्या आहेत, असं मी बोलून गेलो. लोकांना ते इतकं आवडलं की दिवसभर कोर्टाला कोणी कोर्ट म्हटलं नाही. साकेतची शिट्टी मात्र बिघडलेली निघाली. तो गाल फुगवून फुगवून फुंकत होता आणि आवाज शून्य. मी त्याला दोनदा सांगितलं, शिट्टी बदल. तो माझ्याकडे बघत राहिला. सौ.ला मी काचेबाहेर खुर्ची टाकून वही देऊन बसवलं होतं. आमच्या सामन्यांची नोंद डेपोच्या रजिस्टरसारखी रकाने आखून करायची; गेलेला प्रत्येक पॉइंट कुठल्या बाजूने गेला, उजवी, डावी की मधली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. हरायचं तर नीट नोंद ठेवून हरावं, माझं असं आहे. रामरावला मी उजवीकडे उभं केलं. त्याचा चांगला डोळा त्या बाजूच्या काचेकडे, अधू डोळा मधे, माझ्याकडे. म्हणजे मधला चेंडू त्याला दिसणारच नाही असा माझा हिशेब.

पहिल्या फेरीत चिठ्ठीने आल्या गौरी आणि मिताली, पुसदला बँकेत नोकरी करणाऱ्या दोन तरतरीत मुली. मी मनात म्हटलं, झालं, या आपल्याला लोळवतात. तर त्या कोर्टात शिरल्या आणि नेट ओलांडून आधी आमच्या दोघांच्या पाया पडल्या! इथेच घात झाला. ज्याच्या पाया पडलो त्याच्या अंगावर चेंडू मारायचा कसा? त्या इतक्या हळुवार चेंडू टाकायला लागल्या की जणू पंगतीत आग्रह करून वाढताहेत. मी मुद्दाम उंच, थेट मागच्या काचेवर जाईल असा चेंडू मारला. टप्पा न पडता काचेला लागला की पॉइंट आमचा जाणार. तर मिताली, काकांचा चेंडू वाया जाऊ नये म्हणून, धावत मागे गेली, उडी मारून तो हवेतच अडवला आणि नेटमधे घातला. वर आम्हालाच शाबासकी. मी नेटमधे मारला तर गौरी म्हणायची, तयार नव्हते काका, पुन्हा खेळा. पंधरा विरुद्ध नऊ. जिंकलो. फळ्यावर तिसरे. रामरावने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला ती थाप इतकी लागली म्हणून सांगू.

दुसऱ्या फेरीत मग तिसऱ्याची गाठ चौथ्याशी. समोर तहसील कार्यालयातले दोघे. हे लोक कोणाच्या पाया पडत नाहीत, उलट लोक त्यांच्या पडतात. त्यांनी आम्हाला सात विरुद्ध सतरा असं स्वच्छ हरवलं आणि मी त्यांचे हात हातात घेऊन इतके आभार मानले की त्यांना संशय आला, माझी एखादी फाईल तिकडे अडकली असावी. मी खडू घेतला, गुण मांडले आणि आनंदाने खाली घसरलो. पण ताई, या पद्धतीची गंमत बघ. खाली घसरलास की समोर तुझ्याहून कच्चा माणूस येतो. तिसऱ्या फेरीत आले बाभुळगावचे कृषी सेवा केंद्रवाले दोन भाऊ. चांगली माणसं, पण बॅट त्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा धरलेली. त्यांच्याशी हरण्यासाठी मी जे जे केलं ते लिहायला लाज वाटते. एकदा तर मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो आणि बसूनच राहिलो. त्यांनी सर्व्हिस बाहेर मारली. चौदा विरुद्ध दहा. पुन्हा वर. वर गेलो की पुन्हा तहसील, नऊ विरुद्ध पंधरा, देव त्यांचं भलं करो. खाली आलो की पुन्हा बाभुळगाव, पंधरा विरुद्ध नऊ. (त्यातला धाकटा भाऊ मला म्हणाला, काका, तुम्ही आमच्याशी खेळताना फार समजून घेता.) डोक्याला हात लावला. ही पद्धत ज्याने काढली त्याने माणसाला धड वर जाऊ द्यायचं नाही आणि धड बुडूही द्यायचं नाही असं ठरवूनच काढली असणार.

आणि या सगळ्यात मधला चेंडू. दोघांच्या मधे आलेला चेंडू कोणी घ्यायचा, तर ज्याला घ्यायचा त्याने "माझा" म्हणून ओरडायचं, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. रामरावला मी दिवाळीपासून सांगतो आहे, बाबा रे, ओरड. हा ओरडतच नाही. नुसतं तोंड उघडतो. मग मीही धावतो, तोही धावतो, बॅटीला बॅट, खांद्याला खांदा, आणि चेंडू मधून निघून जातो. चौथ्या फेरीत माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. मी म्हटलं, तोंडाला कुलूप लावलंय काय तुझ्या? तर तो लालबुंद झाला आणि काचेकडे तोंड करून बाहेरच्या लोकांना काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. असो. हरण्याच्या दृष्टीने ते सोयीचंच होतं.

पण दुपार होत आली तसं माझ्या लक्षात दुसरंच काही यायला लागलं. रामराव उजवीकडचे चेंडू सोडत होता. उजवीकडचे! सोपे, छातीइतक्या उंचीचे, काचेवरून आरामात परत येणारे. बॅट फिरवायचा आणि चेंडू वीतभर लांबून जायचा. म्हणजे चांगला डोळाही गेला की काय? पाचव्या फेरीनंतर मी खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो. आमचे साठ, चौथा नंबर. पाचव्या नंबरवर गौरी-मिताली, अठ्ठावन्न. सहाचा पाच करायला खडूची एक रेघ पुरते. बाजूला कोणी नव्हतं, साकेत मोबाईल चार्जिंगला लावायला गेला होता. पण एकतीस वर्षांत मी गाडी सुटल्याची वेळ एका मिनिटाने बदलली नाही, अधिकारी समोर उभा असताना बदलली नाही. साठ ते साठच लिहिले. कोर्टात हरेन, फळ्यावर हरणार नाही, असं स्वतःशी म्हटलं आणि शेवटच्या फेरीची घोषणा केली.

शेवटच्या फेरीत तिसऱ्या नंबरवर कोण असावं? इंदूवहिनी आणि त्यांची जाऊ रुक्माबाई! मी लिहायचं विसरलो, त्याही खेळत होत्या. पातळाचा काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट. कापूस वेचून वेचून दोन्ही हात सारखे चालतात, त्यामुळे उलटा हात सुलटा हात ही भानगडच नाही, चेंडू ज्या बाजूला येईल त्या हातात बॅट. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नेटजवळ येऊन वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज ह्यायले दवाखान्यात धाडल्याबिगर मी घरी जात नाही. तुम्ही मंधात येऊ नका." (इंदूवहिनींचं बोलणं मला नेहमी स्पष्ट ऐकू येतं. लोकांनी त्यांच्यापासून शिकावं.) त्या दोघींनी ना वय पाहिलं, ना नातं. अडतीस वर्षांच्या संसारात जे जे बोलायचं राहिलं होतं ते त्यांनी त्या चोवीस पॉइंटांत रामरावच्या अंगावर मारलं. रुक्माबाईंनी माझ्याही पायावर दोन मारले, माझा काय अपराध ते कळलं नाही. सहा विरुद्ध अठरा.

गुण मांडले. पुसदचे सेवादास आणि अक्षय शहाण्णव गुणांनी पहिले (ते शाळेत खेळाचे मास्तर आहेत, आमची गाठच पडली नाही, आमच्या वाऱ्यालाही ते उभे राहिले नाहीत), वहिनी आणि रुक्माबाई चौऱ्याऐंशी घेऊन दुसऱ्या, तहसील तिसरं, आणि शेवटच्या सामन्यात तेरा पॉइंट मिळवून गौरी-मिताली एकाहत्तरवर चौथ्या. आमचे सहासष्ट. पाचवे! ताई, एवढ्या मनापासून मी आयुष्यात हरलो नव्हतो. रामराव फळ्यापुढे आला, मान वळवून वाचलं, आणि चक्क हसला. म्हणाला, "ठीक हाय. शब्द म्हणजे शब्द." मला वाटलं चिडेल, भांडेल. निमूट कबूल झाला. त्यावरून तर माझी खात्रीच पटली की त्याला उजव्यानेही दिसेनासं झालं असणार आणि तो आतून घाबरला आहे.

बाकी इकडे सर्व कुशल. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला सांभाळ, जिना सारखा चढू-उतरू नकोस. सौ.ने तुझ्यासाठी नव्या तुरीची डाळ काढून ठेवली आहे, येताना आणू.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
सदाशिव

ता. क. मुख्य काम राहिलं. तू जिल्ह्याच्या रुग्णालयात इतकी वर्षं कारकुनी केलीस, तुला सगळे डॉक्टर ओळखतात. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी रामरावला घेऊन येतो. चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याचा नंबर लावून ठेव, आणि दोन्ही डोळे तपासायला सांग. त्याने ऐन दारात पाय मागे घेतला तर तू फक्त "रामा, चाल" म्हण. तुझा शब्द त्याने अजून मोडलेला नाही. पत्र पोस्टात न टाकता यवतमाळ गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, म्हणजे आजच मिळेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी सहज सौ.ची वही घेऊन बसलो. सहा सामन्यांत आमचे एकूण अठ्ठ्याहत्तर पॉइंट गेले. त्यातले डावीकडून, म्हणजे माझ्याकडून, फक्त बारा. (मी हरायला इतका झटलो, आणि बारा! हरणंही मला धड जमलं नाही.) मधून एकोणतीस. आणि रामरावच्या उजवीकडून सदतीस. वहीत सौ.ने शेऱ्याच्या रकान्यात जागोजागी लिहिलं आहे, "हसत हसत सोडला." "आधी बघितला, मग सोडला." पहिल्या सामन्यापासून, ताई. मी ती वही घेऊन तडक त्याच्या शेतावर गेलो आणि विचारलं, हे काय आहे? त्याने उत्तर दिलं, मी म्हटलं मोठ्याने बोल, त्याने पुन्हा दिलं, मी म्हटलं पुटपुटू नको. तेव्हा त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि शेऱ्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून दिलं. तसंच्या तसं उतरवतो. "उजवा डोया ठणठणीत हाय. डावा गेला हे मले ठाऊक होतं. मले नव्हतं जायचं. पण जितलो असतो त तूही गेला नसता. म्हून हारलो. आता चाल."

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ती फालतू अट. पहिल्या चारात नाही आलो तर रामरावने डोळे दाखवायचे आणि त्याच दिवशी मी कान दाखवायचे, अशी ती होती. मला नीटच ऐकू येतं, मग द्यायला काय जातं, म्हणून मी हो म्हटलं होतं. त्याच वहीत, त्याच शेऱ्याच्या रकान्यात, सौ.ने मधल्या चेंडूंपुढे आणखी दोन शब्द लिहिले आहेत. "माझा म्हणाले." मी मोजले. एकोणतीसपैकी सव्वीस वेळा. तिने ते काचेबाहेर खुर्चीवर बसून ऐकले, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या माणसांनी ऐकले, आणि मी हातभर अंतरावर होतो. शिट्टीही चांगलीच होती, असं साकेत आत्ता सांगून गेला. तर गुरुवारी दोन नंबर लावून ठेव, एक डोळ्याचा आणि एक कानाचा. आधी कोणाचा, ते तूच ठरव, आम्ही दोघंही पळायला बघू. दोरी घट्ट बांध. मला त्याच्या तोंडून तो एक शब्द एकदा ऐकायचा आहे.

आणि सुरुवातीला मी मोबाईलबद्दल जे लिहिलं आहे, ते खोडायचं राहून गेलं. तेवढं वगळून वाच.